छतावरच्या काचा आणि बिबडे

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. आई म्हणायची, हिला सांगा विहिरीत भूत आहे, ही आधी दोर मागेल. ही खोड नोकरीत पुष्कळदा कामाला आली, दोन-तीनदा नडली, आणि एकदा मात्र ऐन वेळी कुठे दडी मारून बसली कोण जाणे. त्या एका वेळेचंच सांगायचं आहे, पण आधी फ्रीजचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

जळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जिथून सातपुडा चढायला लागतो, तिथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधांची खिडकी सांभाळते. खिडकी म्हणजे नुसत्या गोळ्या देणं नाही, लसींचा फ्रीजही माझ्याच ताब्यात. त्यातला आकडा दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिला पाहिजे. घरचा फ्रीज बंद पडला तर दूध नासतं, दुसरं आणता येतं. इथला तापला तर डोंगरावरून लेकरं घेऊन उतरलेल्या बायांना हात हलवत परत पाठवावं लागतं. बुधवार हा आमचा लसीकरणाचा वार.

तसं एकदा पाठवावं लागलं. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झालं, विजेचे खांब आडवे झाले, तीन दिवस लाईट नाही. जनरेटर होता, पण तो नावालाच. चालू करायला जावं तर धूर तेवढा द्यायचा. फ्रीज दीड-एक दिवस तग धरतो, मग आतला आकडा चढायला लागतो. लसीच्या बाटलीवर एक छोटा गोल छापलेला असतो आणि त्या गोलात पांढरा चौकोन. ऊब लागली की चौकोन काळपट होत जातो. गोल आणि चौकोन एका रंगाचे झाले की बाटली फेकायची. त्या बुधवारी माझ्या सगळ्या बाटल्यांचे चौकोन काळे पडले होते.

रांगेत पाड्यावरची एक बाई होती. बाई कसली, पोरच, एकोणीस-वीस वर्षांची, आणि झोळीत दीड महिन्याचं बाळ. दोन तास चालून आलेली. मी खिडकीतूनच सांगितलं, लस खराब झाली, पुढच्या बुधवारी या. बाकीच्या बाया कुरकुरत वळल्या. ही वळली नाही. खिडकीचा गज धरून तिनं विचारलं, "खराब कशी व्हयनी? बाटली ते चांगली दिखस."

किती रास्त प्रश्न! मी तिच्या जागी असते तर मीही हाच विचारला असता. पण मी सकाळपासून वादळावर, खांबांवर आणि त्या धूर सोडणाऱ्या जनरेटरवर डाफरत होते, आणि समोर सापडली ती ही. "तुला काय कळणार आहे त्यातलं? खराब झाली म्हणजे झाली. पुढच्या बुधवारी ये म्हटलं ना!"

तिनं झोळीची गाठ घट्ट केली आणि गेली. पुढच्या बुधवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमची नर्स पाड्यावर गेली की ही बाळ घेऊन रानात निघून जायची. तिथल्या आशाताईनं मला एकदा सांगितलं, "मॅडम, ती म्हणते, दवाखान्यात खराब लस ठेवतात आणि विचारलं तर अंगावर येतात." गोवर आला तर त्या बाळाचं काय होईल, हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि ते बाळ लसीवाचून राहिलं ते माझ्या तोंडामुळे, हेही.

दिवाळीच्या सुमारास केंद्राच्या छतावर सोलर बसलं. तोवर इकडे ते नवलाचं राहिलं नव्हतं. जळगावला जाताना एस्टीच्या खिडकीतून बघावं तर पेट्रोल पंपावर, केळीच्या वेफर्सच्या कारखान्यावर, बँकेच्या गच्चीवर निळ्या काचा. माझा धाकटा भाऊ धरणगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. त्यांच्याकडे माझ्या आधी दोन वर्षं बसलेलं. पण आपल्या डोक्यावर आपलीच वीज तयार होते म्हटल्यावर मला काही सुचेना. औषधांच्या खोलीबाहेर भिंतीवर त्यांनी एक डबा लावला, त्यावर आकडा दिसायचा, या घटकेला किती वीज बनते आहे त्याचा. मी गोळ्या मोजता मोजता मान वळवून तो आकडा बघायची. ढग आला की आकडा धपकन खाली. ढग गेला की वर. घारीची सावली पडली तर काय होतं, हे बघायला मी अर्धा तास उभी राहिले; घार काही आली नाही.

सगळ्यात मोठा धक्का उन्हाळा लागल्यावर बसला. मला वाटलं, आता ऊन तापलं, आता बघा आकडा कसा पळतो! तर कसचं काय. माघातल्या गार, निरभ्र दिवशी जेवढा यायचा, तेवढासुद्धा येईना. मी भावाला फोन लावला.

"ताई, काच तापली की वीज कमी होते," तो म्हणाला. "तिला उजेड पाहिजे, ताप नको."

"मग आपल्या खान्देशात कशाला लावतात? इथे तापाशिवाय आहे काय?"

"उजेडही आहे ना. सकाळी पाण्यानं धूत जा काचा. आमच्याकडे कापसाची रुई चिकटते, तुमच्याकडे धूळ असेल."

मी लगेच हुकूम सोडला. केंद्रात झाडलोट करायला एक मावशी आहेत, माझ्यापेक्षा जुन्या. रोज सकाळी छतावर जाऊन काचा धुवायच्या, असं त्यांना सांगितलं. आणि माझं तोंड गप्प बसतं होय? गोळ्या घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मी ही नवी विद्या ऐकवायला लागले. "काच तापली की वीज कमी होते, ठाऊक आहे का? तिला गार ठेवावं लागतं. म्हणून तर रोज पाणी मारतो." म्हातारी माणसं गुडघ्याचं मलम हातात धरून ऐकायची. बिचारी, मलम घेतल्याशिवाय जाणार कुठे!

आता त्या छताचं आणखी एक होतं, ते सांगायला हवं. आमच्या गावात घरं बहुतेक धाब्याची, मातीच्या छताची, नाहीतर पत्र्याची. सपाट, सिमेंटचं, स्वच्छ असं मोठं छत एकच, आरोग्य केंद्राचं, आणि त्याला मागच्या बाजूनं जिना. त्यामुळे इमारत झाली तेव्हापासून उन्हाळ्यात गावातल्या बाया तिथे बिबडे घालायच्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड: ज्वारी भिजवून, भरडून, तिचा तीळ-जिरं-लसूण घालून घट्ट चीक शिजवायचा आणि ओल्या धोतरावर हातानं पातळ थापायचा. वाळले की धोतर उलटं करून पाणी शिंपडायचं, की सुटून येतात. गरम गरम चीक वर नेताना एकीनं हाक मारायची, दुसरीनं पातेलं धरायचं. आठाच्या आत सगळं आटपायचं, कारण नंतर त्या सिमेंटवर पाय ठेववत नसे. या सगळ्याची मुकादम एक अक्का. सत्तरीची, तोंडानं फटकळ, हाताचा बिबडा असा पातळ की त्यातून गाव दिसावं. तिची दोन्ही मुलं सुरतेला कापडाच्या गिरणीत. वर्षभराचे बिबडे इथून सुरतेला जायचे.

सोलर बसवणाऱ्या माणसानं जाताना बजावलं, छतावर कुणाला चढू द्यायचं नाही. मी जिन्याच्या दाराला कुलूप ठोकलं. अक्का भांडायला आली. "आमनं छत लई लिधं तुम्ही!" मी म्हटलं, "अक्का, छत सरकारचं आहे." ती म्हणाली, "आनि ऊन? ऊन बी सरकारनं शे का?" यावर मी तिला रक्तदाबाची गोळी दिली. नंतर ती पुन्हा भांडायला आली नाही. मला वाटलं, कुणाच्या तरी अंगणात घालत असतील.

होळी झाली आणि माझा आकडा बिघडला.

म्हणजे असं की सकाळी सातला बरा असायचा, आठानंतर चढायला हवा तर उलट निम्म्याहून खाली यायचा, तो दुपार कलेपर्यंत तसाच. आकाश स्वच्छ. एकही ढग नाही. बॅटऱ्या भरेनात. दुपारी लाईट गेली की फ्रीज बॅटरीवर चालतो. आता बॅटरीच तासाभरात मान टाकायला लागली. मी भावाला विचारलं, कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, धूळ असेल. मी मावशींना विचारलं, काचा नीट धुता का? "अगदी घासून धुते, मॅडम. आरशासारख्या," मावशी म्हणाल्या, आणि बादली उचलून लगबगीनं निघून गेल्या. शेजारच्या मळ्यात केळीची वाळलेली पानं जाळत होते, मी जाऊन त्या माणसाशी भांडले. त्यानं बिचाऱ्यानं जाळायचं बंद केलं. आकडा तसाच.

मग मी वही केली. रोज तासातासाला आकडा लिहायला लागले, आणि पंधरा दिवसांनी त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आकडा रोज पडत नव्हता. सोमवारी पडायचा, मंगळवारी पडायचा, गुरुवारी, शुक्रवारी. रविवारी मला सुट्टी असते. शनिवारी पडायचा नाही, आणि बुधवारी तर कधीच नाही. शनिवार म्हणजे गावचा बाजार. बुधवार म्हणजे लसीकरण, दिवसभर केंद्रात गर्दी. मी डोक्याला हात लावून बसले. अरे, सूर्याला आमचे वार कळतात की काय! भावाला सांगितलं तर तो हसून हसून बेजार झाला. "ताई, वारावर जाणारी गोष्ट म्हणजे माणूस," तो म्हणाला. पण तेव्हा मला वाटलं, विजेच्या मुख्य लाईनमध्ये काही असेल.

गंमत अशी, की ती वही लिहिताना माझ्या टेबलावर बहुतेक दिवशी एक अर्धओला बिबडा असायचा. मावशी आणून द्यायच्या. अर्धवट वाळलेला, मऊ, शेंगदाण्याबरोबर खायचा. त्याच्यापुढे काही नाही. चोर शोधत मी चोरीचा माल खात होते, आणि वर मावशींना म्हणत होते, यंदा लसूण बेताचा घातलाय हो, छान झालाय.

चैत्रातल्या एका सोमवारी दुपारी आशाताईचा फोन आला. ती पाड्यावरची पोर तयार झाली होती. बाळ आता वर्षाचं होत आलं होतं. आशाताईनं तिला तीन महिने समजावलं होतं, की दवाखान्यानं स्वतःची वीज आणली, वर काचा लावल्या, आता लस खराब होत नाही. या बुधवारी येते म्हणाली. "पण मॅडम," आशाताई म्हणाली, "या वेळी परत पाठवलं ना, तर ती काही पुन्हा यायची नाही. आणि तिचं बघून पाड्यावरच्या बाकीच्याही यायच्या नाहीत."

त्याच दिवशी संध्याकाळी वावधन सुटलं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात असं होतं, कोरडं वादळ, पाऊस नाही, नुसती माती आणि वारा. मुख्य लाईनचे खांब पडले. मला तेव्हा भीती वाटली नाही. म्हटलं, आपल्याकडे काचा आहेत.

मंगळवारी सकाळी आले तर बॅटरी संपलेली. फ्रीजचा आकडा सातवर. बाहेरच्या डब्यावर बघितलं, वीज बनते आहे, चढते आहे. बरं वाटलं. साडेआठला बघते तर आकडा खाली! नऊला आणखी खाली. दहाला फ्रीज साडेसात. आठ ओलांडलं असतं तर मला सगळी लस थंड डब्यात भरून तालुक्याला पाठवावी लागली असती, आणि बुधवार रद्द. बाहेर सूर्य असा तळपत होता की लिंबाच्या झाडाखालचं कुत्रंसुद्धा उठून आत आलं होतं. आणि माझ्या काचांना म्हणे उजेड मिळत नव्हता!

मावशींना हाक मारली. मावशी नाहीत. जिन्याची किल्ली बघितली. खिळ्यावर नाही. मी गोळ्यांची रांग तशीच ठेवून मागे धावले, जिना चढले. गेल्या पाच महिन्यांत मी एकदाही वर गेले नव्हते, हे आता सांगायला लाज वाटते. रोज खालून आकडा बघायचा, वही लिहायची, पण जिना चढायचा नाही. गुडघे दुखतात, हे कारण.

वर पोहोचले आणि बघतच राहिले. माझ्या निळ्या काचा कुठे दिसतच नव्हत्या. सगळीकडे पांढरी धोतरं. एका काचेवर दोन-दोन, ताणून बसवलेली, कडांना खडे बांधून लोंबत ठेवलेले, आणि त्यांवर गोल गोल बिबडे, ओळीनं, एकाला एक चिकटू न देता. काचांच्या खालच्या सावलीत पाच-सहा बाया मजेत बसलेल्या. मध्ये अक्का. तिच्या बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मावशी.

"हे काय आहे?" माझा आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला असणार.

अक्का जागची हलली नाही. "बिबडा शेतस," ती म्हणाली.

"ते दिसतंय मला! काचांवर कशाला घातलेत?"

मग अक्कानं जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती उठली, हात पुसले आणि शाळेच्या मास्तरासारखी समजावून सांगायला लागली. "तुम्हीच सांगं ना, काच तपनी का वीज कमी व्हस? तिले थंडं ठेवनं पडस? म्हनीसन आम्ही ओलं धोतर टाकं. तुमनी काच थंडी, आमना बिबडा वाळना. आनि वाळनं का परत पानी शिंपडतस आम्ही."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, धुतलेली जागा होती. वाया कशाला घालवायची?"

माझीच विद्या होती. मी प्रत्येकाला धरून धरून सांगितली होती, आणि या बायांनी ती ऐकली होती, कुणी ऐकत नाही असं मला वाटत असताना. ऐकून विचार केला होता, आणि त्या विचारात एकच गोष्ट राहून गेली होती, उजेडाची. ती मीच नीट सांगितली नव्हती. तापाचं सांगण्यात नवल होतं, म्हणून तेवढंच सांगत सुटले होते.

हसू येत होतं आणि रडूही. पण फ्रीज साडेसातवर होता. मी त्यांना म्हटलं, "अक्का, एक धोतर काढ, आकडा किती हलतो ते बघू." कशी असते बघा खोड! जीव टांगणीला लागलेला, तरी प्रयोग केल्याशिवाय राहवेना. खाली मावशी आकडा बघायला, वर मी, मध्ये जिन्यात एक बाई ओरडून सांगायला. एक धोतर काढलं. आकडा जेमतेम हलला. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "एका ओळीतल्या काचा हात धरून उभ्या असतात, ताई. एक झाकली की बाकीच्याही बसतात. आख्खी ओळ मोकळी कर." पहिली ओळ सगळी मोकळी केली आणि जिन्यातून आरोळी आली, "वाढना, वाढना!" बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

अक्का मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या हातात काढलेलं धोतर होतं आणि त्यावरचे ओले बिबडे एकमेकांवर दुमडून लगदा झाले होते. सुरतेचे बिबडे.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पाड्यावरची पोर, काळे चौकोन, गजाला धरून विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. तेही सांगितलं, तुला काय कळणार म्हणाले ते. बायांसमोर. अक्कानं हातातलं धोतर खाली ठेवलं. मग म्हणाली, "असं बोलनात तुम्ही? लेकरुवाली बाईले?" आणि मग मागे वळून बाकीच्यांवर ओरडली, "चला व, उठा! बठ्ठा काढा!"

काढायचे तर ठेवायचे कुठे? अंगणात माती, वावधनाची. वॉर्डात सहा लोखंडी खाटा होत्या आणि त्या दिवशी एकच बाळंतीण. मी म्हटलं, आणा खाटा बाहेर. गाद्या काढल्या, खाटा उकळत्या पाण्यानं घासून धुतल्या, पाच खाटा अंगणात उन्हात ओळीनं लावल्या. बिबड्यांची धोतरं ताणलेली राहावीत म्हणून छतावरून स्ट्रेचरवर घालून खाली आणली, पुढे दोघी, मागे दोघी, अगदी जपून, बाळंतिणीला आणतात तशी. एवढ्यात डॉक्टरसाहेब मोटरसायकलवरून आले, खाटांकडे बघून थबकले. "पेशंट कुठे गेले?"

"वाळत घातलेत," मी म्हटलं. ते हेल्मेट न काढताच आत गेले.

दुपारी दोनला फ्रीज सात. चारला सहा. संध्याकाळी मी आकडा लिहिला, पाच. त्या पाचाखाली मी दोन रेघा ओढल्या.

बुधवार उजाडला. काचा मोकळ्या, वर आकडा झकास, फ्रीज थंडगार. रांग लागली. मी खिडकीतून प्रत्येक झोळी बघत होते. अकरा वाजले. ती नाही. बारा झाले. नर्स म्हणाली, येणार नाही ती. अंगणात खाटांवर बिबडे तसेच होते, त्यांना दोन दिवस ऊन लागतं, आणि अक्का हातात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

पुढचं मी खिडकीतून बघितलं. फाटकाशी एक बाई आली, झोळीतलं बाळ आता कडेवर होतं. ती थांबली. तिनं अंगणात बघितलं. उन्हात ओळीनं लावलेल्या पाच खाटा, प्रत्येकीवर पांढरं कापड अंथरलेलं, आणि शेजारी काठी घेऊन बसलेली म्हातारी. तिला काय वाटलं असेल, ते आता कुणीही सांगेल. ती मागे फिरली आणि भराभरा चालायला लागली.

मी खिडकीतून ओरडले, पण मागच्या वेळी माझ्या आवाजानंच तर ती गेली होती. अक्का उठली. सत्तरीची बाई, काठीसकट धावली रस्त्यानं. काठी बघून ती पोर आणखीच पळायला लागली! तेव्हा अक्कानं काठी फेकून दिली, खोचलेल्या पदरातून एक बिबडा काढला आणि तो उंच धरून ओरडली, "व माय, मढं नही शे, बिबडा शेतस! बिबडा! खाई दख!"

ती थांबली. मागे वळून बघितलं. दोघी रस्त्यात उभ्या राहून काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. बाळानं बिबडा हातात घेतलेला दिसला. मग त्या दोघी परत आल्या, अक्का पुढे, ती मागे.

खिडकीशी आल्यावर तिनं मला ओळखलं. या वेळी तिनं गजाला हात लावला नाही. मी खिडकीतून बोललेच नाही. दार उघडून बाहेर आले, तिला आत नेलं, फ्रीजपाशी. बाहेरच्यांना तिथे नेत नाहीत, पण नेलं. गोवराच्या लसीची एक बाटली काढली, टोपणावरचा गोल तिच्यासमोर धरला.

"हा चौकोन बघ. पांढरा आहे ना? म्हणजे लस चांगली. उन्हानं, उबेनं तापली की हा काळा होतो. मग ती द्यायची नाही. त्या दिवशी काळा झाला होता."

तिनं बाटली जवळ घेऊन बघितली. एका बोटानं टोपण चाचपलं. बाळानं हात पुढे केला तर बाळालाही दाखवली. मग विचारलं, "बठ्ठी बाटलीसवर ऱ्हास का हाई?"

"सगळ्यांवर असतो."

"आनि तवय काळं व्हतं?"

"काळं होतं."

तिनं बाटली परत माझ्या हातात दिली. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाली, "तवयच दखाडी देतीस, बाई, ते मी पुढला बुधवारले येती ना."

"चुकलं माझं," एवढंच म्हटलं. तिनं मान हलवली, बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि त्याची बाही वर केली. सुई टोचली तेव्हा बाळ केवढ्यांदा रडलं! हातातला बिबडा मात्र त्यानं सोडला नाही.

खाटा आता दर उन्हाळ्यात अंगणात येतात, आणि फाटकावर मी पाटी लावली आहे, आत बिबडे वाळत आहेत. बुधवारी रांगेतल्या प्रत्येक बाईला मी आधी चौकोन दाखवते. रांग हळू सरकते, नर्स कुरकुरते. पाड्यावरच्या बाया तर आता माझ्या हातातून बाटली घेतात, स्वतः बघतात आणि मगच बाळ पुढे करतात.